सर्वांसाठी खुला वर्ग

‘तीन गुणांची बास्केट पडली, तर संघाला किती गुण मिळतात?’

हा प्रश्न जॉर्जिया विद्यापीठात २००१ साली एका कोर्सच्या अंतिम परीक्षेत आला होता. कोर्सचा विषय होता बास्केटबॉल प्रशिक्षणाची तत्त्वं आणि डावपेच. एकूण वीस प्रश्न, सगळे पर्याय निवडायचे. कॉलेजच्या सामन्यात हाफ किती असतात, हाही त्यातलाच एक. शिकवणारे गृहस्थ विद्यापीठाच्या संघाचे सहायक प्रशिक्षक, आणि मुख्य प्रशिक्षकांचे चिरंजीव. वर्गात झाडून सगळ्यांना ‘ए’. २००४ मध्ये ती प्रश्नपत्रिका बाहेर आली आणि अमेरिकाभर लोक पोट धरून हसले. असल्या किश्श्यांवर हसून पुढे जाता येतं. माझ्या घरापासून अर्ध्या तासावर जे अठरा वर्षं चाललं, त्यावर मात्र मला अजून नीटसं हसता आलेलं नाही.

मी नॉर्थ कॅरोलिनात, कॅरी गावात राहते. राले, डरॅम आणि चॅपल हिलच्या या त्रिकोणात मराठी माणसं भरपूर. इथे नवं बिऱ्हाड आलं की शेजारी नाव-गाव विचारायच्या आधी ‘ड्यूक की कॅरोलिना?’ असं विचारतात. ड्यूक म्हणजे डरॅमचं खासगी विद्यापीठ. कॅरोलिना म्हणजे चॅपल हिलचं सरकारी विद्यापीठ, १७९५ पासून विद्यार्थ्यांना शिकवणारं, देशातल्या नावाजलेल्या सार्वजनिक विद्यापीठांपैकी एक. त्याचा रंग फिकट आकाशी, आणि गावाच्या तो इतका अंगात मुरलाय की तिथले आगीचे बंबसुद्धा आकाशी आहेत. बास्केटबॉलच्या ‘डीन डोम’मध्ये एकवीस हजारांवर माणसं बसतात. ड्यूकला हरवलं की फ्रँकलिन स्ट्रीटवर रात्री शेकोट्या पेटतात. आपल्याकडे कॉलेजचा संघ विद्यापीठ स्पर्धा जिंकला तर जिमखान्याच्या फळ्यावर खडूने अभिनंदन लिहितात आणि सोमवारी पुसून टाकतात, त्यामुळे पुण्या-नाशिकच्या नातेवाइकांना हे वेड समजावून सांगणं अवघड जातं. ‘कॉलेजच्या पोरांचा खेळ बघायला एवढी माणसं?’ हा प्रश्न दर खेपेला येतो.

माणसं आहेत म्हणून टीव्ही आहे, टीव्ही आहे म्हणून पैसा. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत सर्वांत जास्त पगार घेणारा सरकारी नोकर राज्यपाल नसतो, तो सरकारी विद्यापीठाचा फुटबॉल किंवा बास्केटबॉल प्रशिक्षक असतो. खेळणारी मुलं मात्र कागदोपत्री विद्यार्थी. अगदी अलीकडेपर्यंत त्यांचा मोबदला म्हणजे शिष्यवृत्ती: फी, राहणं, जेवण आणि शिक्षण. मैदानावर उतरायचं तर एनसीएए या राष्ट्रीय संघटनेच्या नियमाप्रमाणे ठरावीक क्रेडिट, म्हणजे कोर्स पुरे केल्यावर जमा होणारे अंक, आणि गुणांची किमान सरासरी टिकवायची. ती घसरली की मुलगा अपात्र, आणि शनिवारचा सामना त्याच्याविना. सरावावर नियमाने आठवड्याला वीस तासांची मर्यादा आहे. व्यायाम, व्हिडिओ, प्रवास धरला तर प्रत्यक्षात त्याहून कितीतरी जास्त वेळ जातो. त्यात काही मुलं अशी की ज्यांची शाळेतच हेळसांड झालेली, धड वाचतासुद्धा येत नाही. ती आणायची कोणी? प्रशिक्षकाने. त्यांना पास कोणी करायचं? तर खेळाडूंच्या अभ्यासासाठी नेमलेल्या समुपदेशकांनी, ज्यांचा पगार प्रशिक्षकाच्या पगारापुढे चिल्लर असतो. घोटाळा कुठे शिजणार हे एवढ्यावरून कोणालाही ओळखता यावं.

चॅपल हिलचं प्रकरण उघडकीस आलं ते मात्र गमतीशीर वाटेने. २०१० मध्ये तिथल्या फुटबॉल संघाची वेगळ्याच कारणावरून चौकशी चालली होती. एजंटांकडून घेतलेले पैसे, शिकवणीवाल्यांनी केलेली जादा मदत वगैरे. त्यात संघाबाहेर काढलेल्या एका खेळाडूने २०११ च्या जुलैत विद्यापीठावर दावा ठोकला आणि पुरावा म्हणून आपला निबंध कोर्टात जोडला. स्वाहिलीच्या वर्गासाठी लिहिलेला. झालं! शेजारच्या नॉर्थ कॅरोलिना स्टेट विद्यापीठाच्या चाहत्यांनी, म्हणजे पिढीजात वैऱ्यांनी, त्यातली वाक्यं इंटरनेटवर शोधली आणि परिच्छेदच्या परिच्छेद उचललेले असल्याचं काही तासांत सिद्ध केलं. विद्यापीठाने तो निबंध आधीच तपासला होता, एनसीएएनेही पाहिला होता. संदर्भ देताना कोणी मदत केली एवढंच त्यांनी बघितलं. बाकीचा मजकूर कुठून आला, हे कोणाच्या मनातही आलं नव्हतं. पुढच्याच महिन्यात रालेच्या ‘न्यूज अँड ऑब्झर्व्हर’चा बातमीदार डॅन केन याच्या हाती दुसऱ्या एका खेळाडूची गुणपत्रिका लागली. त्या मुलाने पहिलं नियमित सत्र सुरू व्हायच्या आधीच, उन्हाळ्यात, वरच्या वर्गांसाठीचा कोर्स घेऊन ‘बी प्लस’ मिळवला होता. विषय आफ्रिकी आणि आफ्रो-अमेरिकी अभ्यास. केन तो धागा धरून तीनेक वर्षं ओढत राहिला. या गावात राहून आकाशी रंगाच्या विरुद्ध लिहिणं म्हणजे काय, हे इथे राहणाऱ्यालाच कळेल.

विद्यापीठाने चौकशीसाठी नेमलेले माजी सरकारी वकील केनेथ वेनस्टाइन यांचा अहवाल २०१४ च्या ऑक्टोबरमध्ये आला. १९९३ ते २०११, तीन हजार एकशेहून अधिक विद्यार्थी. वेळापत्रकात रीतसर लेक्चर म्हणून छापलेले वर्ग, जे कधी भरलेच नाहीत. प्राध्यापक नाही, फळा नाही, हजेरी नाही. सत्राच्या शेवटी वीस-पंचवीस पानांचा एक निबंध द्यायचा आणि बहुधा ‘ए’ नाहीतर ‘बी’ घ्यायचा. कॅम्पसवर त्यांना ‘पेपर क्लास’ म्हणत. विद्यापीठात खेळाडूंचं प्रमाण शेकडा चारच्या आसपास. या वर्गांत ते निम्म्याच्या जवळ.

हे वर्ग चालवत कोण होतं? डेबोरा क्राउडर नावाची त्या विभागाची ऑफिस सांभाळणारी बाई. प्राध्यापक नव्हे, प्रशासकीय कर्मचारी. ती विद्यार्थ्यांना वर्गात घाली, निबंधाचा विषय देई, निबंध जमा करून घेई आणि गुणही तीच देई. निबंध पुरेसा लांब आणि वरवर पाहता बरा असला की झालं. गुणपत्रकावर विभागप्रमुखांची सहीसुद्धा तीच करी.

अहवाल वाचताना मला तिचा राग यायला हवा होता. तो नीटसा आलाच नाही. ती याच विद्यापीठात शिकलेली. आपल्या वेळी प्राध्यापकांचं लक्ष फक्त हुशार मुलांकडे होतं, आपल्यासारख्यांना कोणी विचारलं नाही, हे तिच्या मनात घर करून बसलेलं. म्हणून अडलेल्या मुलांना मदत करायची असं तिने ठरवलं. आजारी, घरी मृत्यू झालेली, नैराश्यात गेलेली, अत्याचार सोसलेली मुलंमुली तिच्या टेबलाशी येत. आणि खेळाडू. त्यातून ही बाई कॅरोलिनाची कट्टर चाहती. संघ हरला तर दुसऱ्या दिवशी कामावर यायचं त्राण तिच्यात उरत नसे. विभागप्रमुख ज्यूलियस न्यांगओरो यांचीही एक कथा आहे. सुरुवातीच्या काळात त्यांच्या पाहण्यातले दोन खेळाडू अपात्र ठरून विद्यापीठातून गेले. एकाचा पुढे खून झाला, दुसरा तुरुंगात गेला. तसं पुन्हा होऊ द्यायचं नाही, असं त्यांनी मनाशी घेतलं. हे दोघेही या प्रकरणात पैशासाठी उतरले, असं सरधोपट म्हणता येत नाही. त्यांच्या दयाबुद्धीवर एक अख्खा उद्योग उभा राहिला, आणि त्या उद्योगाला पैसा किती मिळतो हे सगळ्यांना ठाऊक होतं.

मला क्राउडर ओळखीची वाटली, कारण असं माणूस मी महाराष्ट्रात पाहिलंय. आमच्या कॉलेजच्या ऑफिसात एक काका होते. हजेरी पंच्याहत्तर टक्के भरली नाही की टर्म ग्रँट होत नसे आणि परीक्षेचा फॉर्म अडे. मग मुलं काकांच्या खिडकीशी. काका चष्मा कपाळावर चढवून आधी तासभर झापत, आईबापाचे कष्ट काढत, आणि शेवटी ‘मेडिकल आण, बघतो’ म्हणत. कबड्डीत राज्यापर्यंत खेळलेला एक मुलगा आमच्या वर्गात होता. त्याला तर मेडिकलही लागत नसे. त्याचं जर्नल एक हात लिही, आकृत्या दुसरा हात काढी, सही-शिक्का काका मिळवून देत. तोंडी परीक्षेला तो बाहेर उभा राहिलेला मला लख्ख आठवतो. आपल्याच नावाचं जर्नल त्याने उलटं धरलं होतं आणि ते आपण उलटं धरलंय हे त्याच्या लक्षातही आलं नव्हतं. तो पास झाला. काकांनी त्याचं कल्याण केलं असंच आम्ही सगळे मानत होतो. फरक एवढाच, की त्या मुलाच्या खेळावर कोणाचेही कोट्यवधी डॉलर लागलेले नव्हते.

क्राउडर २००९ मध्ये निवृत्त झाली, असे वर्ग त्यानंतर मोजकेच उरले, आणि चॅपल हिलमध्ये धावपळ उडाली. त्या नोव्हेंबरात फुटबॉल संघाच्या शैक्षणिक समुपदेशकांनी प्रशिक्षकांसमोर एक सादरीकरण केलं. त्यातली एक स्लाइड अहवालात जशीच्या तशी आहे. पदवीच्या अटीत बसतील अशा वर्गांत आपण मुलांना घालत होतो, असं ती सांगते, आणि मग त्या वर्गांची वैशिष्ट्यं एकेका ओळीत येतात: वर्गाला जावं लागत नसे. टिपणं काढावी लागत नसत. जागं राहावं लागत नसे. प्राध्यापकांना भेटावं लागत नसे. लक्ष द्यावं लागत नसे. आणि खाली मोठ्या अक्षरांत, उद्गारचिन्हासह: हे वर्ग आता राहिलेले नाहीत! त्या सत्रात फुटबॉल संघाची सरासरी चारपैकी २.१२१ वर आली, दहा वर्षांतली सर्वांत कमी.

ही स्लाइड मी अनेकदा पाहिली आहे. तिच्यात चोरट्यासारखं काहीच नाही. माल मिळायचा बंद झाला, आता उत्पादन कसं टिकवायचं, असा कारखान्यातल्या आढावा बैठकीचा सूर आहे तिचा. खोलीत प्रशिक्षक बसलेले होते. ‘म्हणजे इतकी वर्षं आमची मुलं शिकत काय होती?’ हा प्रश्न त्या खोलीत निघाल्याचं कुठे नोंदलेलं नाही.

अहवालातल्या ईमेलही अशाच. महिला बास्केटबॉल संघाच्या शैक्षणिक समुपदेशक तत्त्वज्ञान शिकवत आणि विद्यापीठाच्या नीतिशास्त्र केंद्राच्या संचालकही होत्या. क्राउडर त्यांना विचारते: हिला ‘डी’ चालेल असं म्हणालात ना? कारण निबंधात एकही संदर्भ नाही, दिलेल्या विषयाशी त्याचा संबंध नाही, आणि तो जुनाच कुठला तरी वापरलेला दिसतोय. उत्तर येतं: हो, ‘डी’ पुरे, तिला तेवढाच हवाय. या बाईंनी पुढे गैर केल्याचं नाकारलं आणि एनसीएएच्या अंतिम निर्णयात त्यांच्यावर ठपका आला नाही, हेही सांगायला हवं.

पण सगळ्यात कटू मला वाटतं ते दुसरंच. हा सगळा माल लपवायला जागा निवडली गेली ती आफ्रो-अमेरिकी अभ्यासाची. साठच्या दशकात काळ्या विद्यार्थ्यांनी लढून, मागण्या करून असे विषय विद्यापीठांत आणले. आमचा इतिहासही शिकण्यालायक आहे, एवढंच त्यांचं म्हणणं. त्याच विषयाच्या नावाखाली, बहुसंख्येने काळ्या असलेल्या फुटबॉल-बास्केटबॉल खेळाडूंना काहीही न शिकवता पुढे ढकललं. त्या विभागात मनापासून शिकवणारे लोक होते, मनापासून शिकलेली मुलं होती. त्यांच्या पदवीकडे आता लोक डोळे बारीक करून बघतात.

आणि आता निकालाची गोष्ट. क्राउडरचं नाव होता होता कॅम्पसभर झालं आणि फ्रॅटर्निटीच्या मुलांनाही, म्हणजे बहुतकरून खात्यापित्या घरच्या मुलांनाही, या आयत्या ‘ए’चा वास लागला. ती पण रांगेत येऊ लागली. क्राउडरला ते मुळीच आवडलं नाही; तिची दया अडलेल्यांसाठी होती, टगेगिरी करणाऱ्यांसाठी नव्हे. पण तिला नको असलेल्या याच मुलांनी शेवटी विद्यापीठाला तारलं. १३ ऑक्टोबर २०१७ ला एनसीएएच्या शिस्तभंग समितीने निर्णय दिला. वर्ग फक्त खेळाडूंसाठी नव्हते, सर्व विद्यार्थ्यांसाठी खुले होते. खेळाडूंना फायदा झाला असेल, पण तो इतरांनाही झाला. तेव्हा खेळाडूंना खास सवलत दिल्याचं म्हणता येत नाही. आणि शिक्षणातली फसवणूक कशाला म्हणायचं, हे ठरवण्याचा अधिकार ज्या त्या विद्यापीठाचा. विद्यापीठ म्हणतंय, आमचे वर्ग आणि त्यातले गुण आम्हाला मान्य आहेत. विषय संपला. बास्केटबॉलची २००५ आणि २००९ ची राष्ट्रीय अजिंक्यपदं जागच्या जागी. चौकशी चालू असतानाच २०१७ च्या एप्रिलमध्ये संघाने आणखी एक मिळवलं होतं, तेही शाबूत.

थोडक्यात, आम्ही फक्त खेळाडूंना फसवून शिकवलं नाही, सगळ्यांनाच शिकवलं नाही, सबब आम्ही निर्दोष. गंमत अशी की विद्यापीठांना मान्यता देणाऱ्या संस्थेसमोर याच विद्यापीठाने ही शैक्षणिक फसवणूक असल्याचं लेखी म्हटलं होतं. त्या संस्थेने २०१५ मध्ये त्याला वर्षभर परिवीक्षेवर ठेवलंही होतं. एनसीएएसमोर त्या शब्दाची आठवण करून दिली तेव्हा उत्तर मिळालं, ती टायपिंगची चूक होती. समितीने या कोलांटउडीबद्दल नाराजी नोंदवली. नाराजी तेवढी नोंदवली गेली. वकील, चौकश्या आणि प्रतिमा सावरणं यांवर विद्यापीठाने दीड कोट डॉलरहून जास्त खर्च केला होता. तो सत्कारणी लागला म्हणायचं.

आता याच्या शेजारी मिझुरी विद्यापीठ ठेवून बघा. २०१६ मध्ये तिथल्या एका शिकवणी घेणाऱ्या बाईने आपण होऊन सांगितलं की मी बारा खेळाडूंचा गृहपाठ, परीक्षा वगैरे स्वतः केलं. विद्यापीठाने लपवाछपवी केली नाही. चौकशी केली, हो म्हटलं, सहकार्य केलं. २०१९ च्या जानेवारीत शिक्षा आली: फुटबॉल, बेसबॉल आणि सॉफ्टबॉल संघांना वर्षभर अंतिम टप्प्यातल्या स्पर्धांना बंदी. त्या बाईंवर कॉलेजच्या खेळाडूंबरोबर काम करण्याबाबत दहा वर्षं निर्बंध. अपील केलं, फेटाळलं. आणि निर्णयात समितीने स्वतःच लिहिलं की नॉर्थ कॅरोलिनाने आपल्या गुणांची पाठराखण केली होती, मिझुरीने गैरप्रकार कबूल केला, म्हणून फरक. नोत्र दामचं तेच. एका विद्यार्थिनी-सहायकाने काही फुटबॉलपटूंचं काम करून दिलं, हे विद्यापीठाने स्वतः शोधलं, गुण रद्द केले, आणि बक्षीस म्हणून २०१२ आणि २०१३ चे मिळून एकवीस विजय पुसले गेले. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे आजी म्हणायची. एनसीएएने तिचा नियम केला. पुढच्या वेळी कुठल्या कुलगुरूला सल्ला देताना वकील काय सांगतील, याचा अंदाज करायला कायद्याची पदवी लागत नाही.

या सगळ्या प्रकरणांत बोलणाऱ्या किंवा सापडणाऱ्या व्यक्ती पाहिल्या, तर मला एक विचित्र सारखेपणा दिसतो. बहुतेक बायका, आणि पायरी खालची. जॉर्जिया विद्यापीठातच ऐंशीच्या दशकात जॅन केम्प इंग्रजी शिकवत. उपचारात्मक वर्गात नापास झालेल्या नऊ फुटबॉलपटूंना मोठा सामना खेळता यावा म्हणून वर ढकललं, याला त्यांनी हरकत घेतली. नोकरी गेली. त्या कोर्टात गेल्या. तिथे विद्यापीठाच्याच वकिलाने सांगितलं, की अशा खेळाडूला आम्ही कदाचित विद्यापीठाचा विद्यार्थी करू शकणार नाही, पण लिहावाचायला शिकवलं तर खेळ संपल्यावर कचरा उचलण्याऐवजी तो पोस्टात तरी लागेल. हे बचावाचं भाषण! १९८६ मध्ये ज्यूरीने केम्पना पंचवीस लाख डॉलरहून जास्त भरपाई दिली, नंतर ती कमी झाली, पण त्या जिंकल्या. मिनेसोटात जॅन गँगलहॉफ या ऑफिस सांभाळणाऱ्या बाईने बास्केटबॉलपटूंचे चारशेच्या आसपास निबंध आणि गृहपाठ लिहून दिले होते. त्यांनी ते १९९९ मध्ये सेंट पॉलच्या वर्तमानपत्राला सांगितलं. बातमी राष्ट्रीय स्पर्धेतल्या सामन्याच्या आदल्या दिवशी छापून आली, संघ हरला, आणि लोक चिडले ते वर्तमानपत्रावर. राज्यपालांनीही बातमीच्या वेळेवरून आगपाखड केली. बातमीदाराला पुढे पुलित्झर मिळालं. प्रशिक्षकांना करार संपवण्यासाठी पंधरा लाख डॉलर मिळाले होते, त्यातले निम्म्याहून थोडे जास्त कोर्टाने परत करायला लावले. चॅपल हिलमध्ये मेरी विलिंगहॅम. खेळाडूंना वाचायला मदत करणं हे त्यांचं काम, आणि यातल्या काहींना तिसरीच्या पोराइतकंही वाचता येत नाही हे त्यांनी २०१४ मध्ये जाहीर सांगितलं. विद्यापीठाने त्यांची आकडेवारी सदोष ठरवली. आकड्यांच्या पद्धतीवर वाद घालता येईलही. पण धमक्या आल्या, त्यांनी नोकरी सोडली. नंतर विद्यापीठाने तीन लाख पस्तीस हजार डॉलर देऊन त्यांच्याशी तडजोड केली.

मी स्वतः इथल्या शाळांत बदली शिक्षिका म्हणून गणित शिकवते. एका हायस्कूलमध्ये अकरावीतला एक मुलगा होता, दाराच्या चौकटीतून वाकून आत येणारा. त्याला अपूर्णांकांची बेरीज येत नव्हती. एक तृतीयांश आणि एक चतुर्थांश यांची बेरीज त्याने दोन सप्तमांश लिहिली. मी त्याच्या शेजारी बसून कागदाच्या पट्ट्या कापून दाखवल्या. त्याला कळलं. कळल्यावर तो लहान मुलासारखा हसला आणि त्याने अजून चार गणितं मागितली. मग घड्याळ बघून उठला, वजनं उचलायला जायचं होतं. ‘तुला हे पुढे लागेल’, मी म्हटलं. ‘मिस, पुढचं कोच बघतात’, तो म्हणाला. उद्धटपणा नव्हता त्यात, माहिती दिल्यासारखं म्हणाला. त्याच्या घरी तीन विद्यापीठांची पत्रं आलेली होती. त्याला येत नव्हतं हे खरं. पण त्याला कोणी शिकवायला बसलंच नव्हतं, हे जास्त खरं.

अशा मुलांना आपण ‘लाभार्थी’ समजतो, आयते गुण मिळाले म्हणून. केव्हिन रॉस नावाचा सहा फूट नऊ इंच उंचीचा खेळाडू ओमाहाच्या क्रायटन विद्यापीठात चार वर्षं बास्केटबॉल खेळला. त्याला ‘नेमबाजी’ आणि ‘बास्केटबॉलचे सिद्धांत’ असले कोर्स दिले. चार वर्षांनी खेळायची पात्रता संपली, पदवी मिळाली नव्हती, आणि कोर्टाच्या नोंदीप्रमाणे त्याची भाषा चौथीच्या मुलाएवढी होती. १९८२ मध्ये तो शिकागोच्या एका खासगी शाळेत, लहान पोरांच्या बरोबरीने, नव्याने शिकायला बसला. फी विद्यापीठाने भरली. पुढे त्याने विद्यापीठावर दावा केला. नीट शिकवलं नाही म्हणून नुकसानभरपाई मागता येत नाही, असं कोर्ट म्हणालं. मात्र शिकण्याची संधीच दिली नाही, दिलेला शब्द मोडला, एवढ्या अरुंद मुद्द्यावर दावा चालू शकतो, असंही म्हणालं. प्रकरण तीस हजार डॉलरवर मिटलं.

चॅपल हिलच्या माजी खेळाडूंनीही २०१५ मध्ये विद्यापीठाबरोबर एनसीएएवरही दावा केला. आम्हाला शिक्षण देतो म्हणालात, दिलं नाहीत, हे त्यांचं म्हणणं. त्यावर एनसीएएच्या वकिलांनी कोर्टात लिहून दिलं की खेळाडूंना मिळणाऱ्या शिक्षणाचा दर्जा राखण्याची कायदेशीर जबाबदारी संघटनेवर नाही. एनसीएएविरुद्धचा दावा निकाली निघाला. हीच संघटना वर्षानुवर्षं सामन्यांच्या मधे जाहिरात दाखवत होती, की आमचे लाखो विद्यार्थी-खेळाडू खेळाखेरीज दुसऱ्याच कुठल्या तरी क्षेत्रात व्यावसायिक होणार आहेत. ते कोणत्या वर्गात बसून होणार, हे जाहिरातीच्या तीस सेकंदांत मावत नसावं.

आता पैसा उघड झालाय. २०२१ पासून मुलं आपल्या नावावर जाहिराती घेऊ शकतात, आणि २०२५ मध्ये कोर्टाने मान्य केलेल्या समझोत्यानंतर प्रत्येक विद्यापीठच त्यांना वर्षाला दोन कोटी डॉलरहून थोडे जास्त वाटू शकतं. मला हे बरंच वाटतं; राबणाऱ्याला मजुरी मिळावी. पण विद्यार्थी असण्याची अट तशीच आहे, क्रेडिट तशीच आहेत, आणि २०२४ पासून अभ्यासात पात्र असलेला खेळाडू कितीही वेळा विद्यापीठ बदलून लगेच खेळू शकतो. चार वर्षांत तीन विद्यापीठं करणारी मुलं आता सर्रास दिसतात. प्रत्येक ठिकाणी थोडी क्रेडिट गळतात, उरलेली ऑनलाइन वर्गांतून भरली जातात, आणि तो ऑनलाइन निबंध आज कोण किंवा काय लिहितं, हे विचारायची सोय राहिलेली नाही. उद्या यातून पुढचं चॅपल हिल निघालं, तर फसवणूक झाली की नाही हे बघायच्या आधी तो विद्यार्थी नक्की कोणाचा होता, यावरच वकिलांचं पहिलं वर्ष जाईल.